मशीनची काळजी करू नकोस

माझी बायको हळू आहे, हे मी लग्न झाल्यापासून येईल त्या पाहुण्याला सांगत आलोय. "हिला गाडीत बसवायचं तर आधी रेल्वेला कळवावं लागतं," हा माझा ठेवणीतला विनोद. पाहुणे हसायचे, तीही हसायची, आणि हसत हसत पोळी तव्यावरून उतरवायला तेवढाच वेळ घ्यायची जेवढा तिला घ्यायचा असे. ती ग्वाल्हेरची. चहाला चाय म्हणते. माझे वडील महाराष्ट्रातून बदली होऊन इथं भोपाळच्या कारखान्यात आलेले, त्यामुळे आमच्या घरचं मराठी जरा इस्त्री केलेलं. त्यावरूनही मी तिला कमी छळलेलं नाही. माझी जीभच तशी आहे. हातापेक्षा आधी चालते.

ती एका सरकारी कार्यालयात संविदावर आहे, म्हणजे कंत्राटी. दर वर्षी नेमणूक नव्यानं, दर वर्षी धाकधूक नव्यानं. तिच्यानंतर आलेली पोरं-पोरी पक्की होऊन गेली आणि ही त्यांना काम शिकवत तिथंच राहिली. यंदा कंत्राटी लोकांना पक्कं करायचं निघालं. अट एकच होती, हिंदी टायपिंगची परीक्षा पास व्हायची. वयाचीही मर्यादा होती. या खेपेला तिला बसता येत होतं, पुढच्या खेपेला वय उलटलेलं असणार होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते याच वेळी.

मग बाग सेवनियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कीबोर्ड यायला लागला. ऑफिसातून आली की एका हाताला चाय, समोर हिंदी उतारा, आणि टप, टप, टप. मी सोफ्यावरून ओरडायचो, "मालगाडी सुटली का?" ती मान वर न करता म्हणायची, "सुटली. आणि माल घेऊन सुटली, तुमच्यासारखी रिकामी नाही."

पावसाळाभर हे चाललं. एक दिवस मी मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलो होतो, आणि लक्षात आलं की ते टप टप आता ऐकूच येत नाहीये. त्याच्या जागी एक सलग आवाज येतोय, कढईत फोडणी तडतडावी तसा. मी मान वर करून बघितलं. तिची बोटं मजेत पळत होती आणि नजर उताऱ्यावरून हलत नव्हती. च्यायला, ही तर खरंच शिकली, असं मनात आलं. तोंडानं मात्र म्हणालो, "अगं, कीबोर्ड मोडशील." तेव्हा दोन शब्द चांगले बोललो असतो तर माझं काय जाणार होतं?

आता माझ्या कामाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी अरेरा कॉलोनीतल्या एका छोट्या कंपनीत सर्व्हर सांभाळतो. परीक्षा केंद्रं असतात ना, जिथं रांगेनं कॉम्प्युटर मांडलेले दिसतात, ती आम्ही उभी करून देतो. त्या टेबलांवर दिसतात ते खरे कॉम्प्युटर नसतातच. तिथं असतो नुसता पडदा आणि कीबोर्ड. मागच्या खोलीत एकच दणकट मशीन असतं आणि त्याच्या पोटात, जितकी टेबलं तितके आभासी कॉम्प्युटर. सगळे एकाच मशीनची मेमरी वाटून खातात.

ही मेमरी छोट्या छोट्या पानांत विभागलेली असते. आणि मशीनचा जो कारभारी असतो, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला आम्ही कर्नल म्हणतो, त्याच्याकडे एक नामी सोय आहे. तो अधूनमधून फेरी मारून पानं ताडून बघतो. दोन पानं अक्षर न् अक्षर सारखी निघाली की तो एकच ठेवतो, दुसरं मोकळं करतो, आणि दोन्ही कॉम्प्युटरना तेच एक पान दाखवत राहतो. ज्याला त्याला वाटतं, आपलंच आहे. पुढं त्यांतल्या कुणी त्या पानावर काही लिहायला घेतलं, की कारभारी पटकन त्याला वेगळी प्रत काढून देतो. केंद्रातले सगळे कॉम्प्युटर एकाच साच्यातले, त्यामुळे सारखी पानं ढिगानं निघतात आणि मेमरी भरपूर वाचते.

शाहपुऱ्यातल्या एका केंद्राच्या मालकाला जास्त टेबलं लावायची होती आणि नवं मशीन घ्यायचं नव्हतं. आमच्या साहेबांनी काम माझ्यावर सोडलं. कर्नलला दोन गोष्टी सांगता येतात, एका फेरीत किती पानं बघायची आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये किती झोपायचं. मी फेरी लांबलचक केली आणि झोप जवळजवळ काढूनच घेतली. मग सगळे कॉम्प्युटर चालू केले आणि बघत बसलो. मोकळ्या मेमरीची हिरवी रेघ पडद्यावर चढत चढत गेली. साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. केंद्राचा मालक पक्का भोपाली, तो तर टाळी देऊन म्हणाला, "को खां, फिर दीवार तक टेबल लगा दूँ?"

मी म्हणालो, "लगा दो."

हे दोन शब्द मी किती सहज बोललो! त्या दिवशी साहेबांनी सगळ्या ऑफिसला पोहे-जिलेबी मागवली आणि त्याला आम्ही टेस्टिंग झालं असं म्हणालो. आमच्याकडे टेस्टिंगची पद्धतच ती. सगळी मशीनं चालू करायची, पडदे उजळले की मोजायचे, रेघ हिरवी आहे ना बघायचं, आणि जिलेबी गरम आहे तोवर खायला बसायचं. सगळ्या टेबलांवर माणसं बसवून, त्यांना एकाच वेळी टाइप करायला लावून बघावं, हे कुणाला सुचलं नाही असं नाही. मला सुचलं होतं. पण एवढी माणसं आणायची कुठून, असं मी मनात म्हणालो आणि आणखी एक जिलेबी घेतली. त्या केंद्रात माणसं टाइप करायलाच येणार होती, दुसरं काही करायला नव्हे. मी मात्र मशीन तपासलं ते सगळे कॉम्प्युटर हात जोडून गप्प बसले असताना.

प्रवेशपत्र आलं तेव्हा तिचं केंद्र निघालं शाहपुऱ्याचं. तेच. मला इतका आनंद झाला की विचारू नका. जावयानं बांधलेल्या घरात सासूबाई राहायला याव्यात तसा मी मिरवायला लागलो. शेजारी, दूधवाला, तिची मैत्रीण, सगळ्यांना सांगून झालं.

परीक्षेच्या सकाळी तिनं स्वतःच स्वतःच्या हातावर दही-साखर घेतली, कारण मी गाडीची किल्ली शोधत होतो. स्कूटरवर मागे बसली तेव्हा तिची बोटं माझ्या खांद्यावर हलत होती, उतारा टाइप करत असल्यासारखी. तळ्याच्या कडेनं जाताना म्हणाली, "अहो, मध्येच कॉम्प्युटर अडकला तर? आमच्या ऑफिसात रोज अडकतो."

मी मान मागे वळवून, अगदी ऐटीत म्हणालो, "मशीनची काळजी करू नकोस. ते माझं आहे. ते अडकायचं नाही. तिथं काही अडलं तर समज की तूच अडलीस."

ती हसली. पाठीत एक हलकी चापट मारली. "मालगाडी," असं स्वतःच म्हणाली आणि केंद्राच्या फाटकातून आत गेली.

मी ऑफिसात पोचलो. केंद्राच्या मशीनची रेघ माझ्या पडद्यावर लावून ठेवली, खरं सांगायचं तर कौतुकानं. पेपर सुरू व्हायच्या आधी सगळे उमेदवार नुसते बसलेले, तेव्हा रेघ छान वर होती. मग घंटा झाली असणार, कारण रेघ एकदम कोसळली. सगळ्यांनी एकाच वेळी लिहायला घेतलं होतं. जो तो ज्या पानावर लिहायला जाई, ते सामाईक निघे, आणि कारभाऱ्याला वेगळी प्रत काढून द्यावी लागे. एवढ्या प्रती ठेवायला मेमरी होतीच कुठं? ती तर मी भिंतीपर्यंतच्या टेबलांना वाटून टाकली होती. मशीन पानं उचलून डिस्कवर टाकायला लागलं, हवी तेव्हा परत आणायला लागलं, आणि डिस्क म्हणजे मेमरीच्या मानानं बैलगाडी.

पानं एकत्र करण्याची सोयच बंद करून सगळी सुटी करावीत, तर त्याला आणखी मेमरी लागणार. म्हणजे जखमेवरची पट्टी ओढून काढण्यासारखं. मला एवढंच करता आलं की कारभाऱ्याच्या फेऱ्या थांबवल्या, जेणेकरून निदान त्याची धावपळ तरी कमी व्हावी. केंद्राच्या मालकाला फोन लावला. पलीकडे नुसता गलका. तो ओरडत होता, "बच्चे हाथ उठा रिये हैं खां, बोल रिये हैं अक्षर नहीं आ रिया!" टायपिंगचा पेपर असतो केवढा? रेघ जरा सावरेपर्यंत तो संपलाही.

मी स्कूटर काढली. सिग्नल तोडला का नाही, आठवत नाही.

फाटकाबाहेर पोरं तावातावानं बोलत होती. ती कडेला, एका पानाच्या टपरीजवळ उभी होती, पर्स छातीशी धरून. मला बघून कसंनुसं हसली. म्हणाली, "नाही हो जमलं. बोटंच चालली नाहीत आज." तिनं मला दोन्ही हात पुढं करून दाखवले, जणू त्यांच्यावर काही दिसणार होतं. "मी दाबायचे आणि अक्षर यायचंच नाही. मग वाटायचं, नीट दाबलं नाही. परत दाबायचे. मग चार-चार एकदम यायची. मग खोडायचे, तर बरोबर होतं तेही खोडलं जायचं. माझीच लय सुटली."

मी तिथंच तिला सांगितलं, "अगं, ती तू नव्हतीस. मशीन होतं ते. माझं मशीन."

तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. "राहू द्या. माझं मन राखायला कशाला खोटं बोलता?"

बघा आता. इतकी वर्षं मी तिला हळू म्हणालो ते तिनं खरं मानलं, आणि आयुष्यात एकदा तिच्या बाजूनं बोललो तर ते तिला खोटं वाटलं! मी तिला तळ्याकाठच्या बाकावर बसवलं आणि सगळं समजावलं. आमच्या सोसायटीत उंच शिडी एकच आहे. एरवी प्रत्येकाला वाटतं, शिडी आहे, काळजी नाही. आणि दिवाळीच्या सफाईला सगळे एकदम मागायला येतात तेव्हा जिन्यात भांडणं होतात. मी तेच केलंय, म्हणालो. एक शिडी दाखवून सगळ्यांना सांगितलं की प्रत्येकाच्या घरी शिडी आहे. ती ऐकत राहिली. शेवटी हळूच म्हणाली, "म्हणजे माझी बोटं चालत होती?"

"चालत होती. पळत होती."

तेव्हा ती रडली. पेपर बिघडला म्हणून नाही रडली, हे ऐकून रडली. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, चूक माझी आहे, मशीनवरची सगळीच टेबलं अडकली होती, सगळ्यांचीच परीक्षा परत घ्यायला हवी, आणि तसं मी परीक्षा घेणाऱ्यांना लिहून देणार आहे. साहेब आधी लाल झाले, मग पांढरे. "तुला कळतंय का, आपल्याला पुढं कुणी केंद्र देणार नाही?" म्हणाले. मी म्हणालो, कळतंय. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी वाद घातला नाही. उलट माझ्या सहीखाली त्यांनी आपलीही सही केली, हे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

मग वाट बघणं. ती रोज ऑफिसातून येऊन पुन्हा कीबोर्ड घेऊन बसायला लागली. आता मी तिच्यासाठी चाय करायचो आणि गप्प बसायचो. "काय हो, मालगाडीला आज सिग्नल नाही?" असं तिनंच एकदा विचारलं. मी चायचा कप तिच्या हाताशी सरकवला.

परीक्षा घेणाऱ्यांचं उत्तर आलं तेव्हा मी ऑफिसात होतो. परीक्षा परत होणार! वाचता वाचता पुढची ओळ आली. सुरुवातीलाच सूचना दिली होती की कॉम्प्युटर अडला तर जागेवरून हात वर करावा. ज्यांनी हात वर केला, त्यांचीच परीक्षा परत होईल. ज्यांनी केला नाही, त्यांना अडचण आली नाही असं धरलं जाईल. ठीक आहे, मला वाटलं, तो मालक म्हणालाच होता की सगळी पोरं हात वर करतायत. माझा जीव भांड्यात पडला. घरी जाताना अर्धा किलो जिलेबी घेतली, त्या जिलेबीचा मला मनातून राग होता तरीही.

ती ओट्याशी उभी होती. मी दारातूनच ओरडलो, "परत आहे परीक्षा! फक्त हात वर केला होतास ना तू?"

तिनं गॅस बारीक केला. माझ्याकडे वळली नाही.

"नाही," म्हणाली.

"नाही म्हणजे? सगळे करत होते ना? तुला दिसत नव्हते?"

"दिसत होते."

"मग? अगं मग का नाही केलास?"

आता ती वळली. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुम्ही म्हणाला होतात ना," ती म्हणाली, "मशीन माझं आहे, अडलं तर समज की तूच अडलीस. मला वाटलं, ही पोरं उगाच मशीनला नावं ठेवतायत. तुमचं मशीन कसं अडेल?"

जिलेबीची पिशवी माझ्या हातातच होती. ती मी ओट्यावर ठेवली आणि खुर्चीत बसलो. त्यानंतर मी जे जे करता येईल ते केलं. परीक्षेच्या कचेरीत गेलो, साहेबांना घेऊन गेलो, मशीनच्या रेघा छापून नेल्या. तिथला माणूस भला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मॅडम ने ख़ुद तो कुछ कहा नहीं था न?" त्यावर आमच्याकडे काय होतं? तिची संधी गेली. ती संविदावर होती, संविदावरच राहिली.

मला वाटलं, इथं संपलं. पण परत परीक्षा होती त्या सकाळी ती तयार होऊन माझ्यासमोर आली. म्हणाली, "मला शाहपुऱ्याला न्या."

"कशाला? तुझं नाव नाहीये गं."

"माहीत आहे. चला."

वाटेत तिनं सांगितलं. इतके दिवस हे एकटीनं पोटात ठेवलं होतं. तिच्या शेजारच्या टेबलावर एक बाई होती. वयानं तिच्याएवढीच, तीही संविदावाली, कुठल्यातरी गावाहून पहाटेची बस धरून आलेली. कॉम्प्युटर अडला तशी त्या बाईनं हात वर केला, आणि हिलाही म्हणाली, "दीदी, हाथ उठाओ, मशीन ख़राब है." आणि माझ्या बायकोनं तिला काय सांगावं? "मशीन अच्छी है. मेरे पति ने लगाई है."

"मग?" मी विचारलं. स्कूटर आपोआप हळू झाली होती.

"मग तिनं हात खाली घेतला. तिच्यापर्यंत कुणी येऊन पोचायच्या आतच."

आम्ही फाटकासमोरच्या त्या टपरीशी उभे राहिलो. उमेदवार येत होते, प्रवेशपत्र दाखवत होते, आत जात होते. प्रत्येक बाईकडे ती मान उंचावून बघत होती. एकदा चार पावलं पुढं धावली, मग थांबली. ती दुसरीच होती. तिला वाटत होतं की कदाचित कुणीतरी तो वर झालेला हात तेवढ्यात बघून तिचं नाव टिपून घेतलं असेल. मलाही वाटत होतं. मी तर देवाला नवस बोलायच्या बेतात होतो, एरवी देवळाच्या पायऱ्याही न चढणारा माणूस.

फाटक बंद झालं. ती बाई आली नाही.

आम्ही तरी थोडा वेळ उभे होतो. मग ती स्कूटरवर मागे बसली. तळ्याच्या कडेला आल्यावर तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. या वेळी तिची बोटं हलत नव्हती.

"तिची बोटं फार जलद चालायची हो," ती म्हणाली. "पेपर सुरू व्हायच्या आधी ती नुसत्या टेबलावर सराव करत होती ना, तेव्हा मी बघितलं. माझ्यापेक्षा कितीतरी जलद."